'मेमेर' म्हणू की 'मेमे'? इंग्रजी वळणाचं तोंड, फ्रेंच स्वर आणि घरातली नावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात, मेरिमॅक नदीकाठच्या एका जुन्या गिरणगावात मी संध्याकाळी प्रौढांना फ्रेंच शिकवते. वर्गातल्या बहुतेकांचे पणजोबा-खापरपणजोबा क्वेबेक या कॅनडातल्या फ्रेंचभाषक प्रांतातून इथल्या कापडगिरण्यांत कामाला आले होते. घरातलं फ्रेंच गेलं, इंग्रजी राहिलं, पण आजीला मारायची 'मेमेर' किंवा 'मेमे' ही हाक मात्र टिकली. त्यांच्या शेजारच्या बाकांवर इथेच वाढलेली मराठी घरांतली मुलंही असतात. तीही इंग्रजी वळणाच्या तोंडानेच फ्रेंच शिकतात, आणि त्यांचे आईवडील मला फोन करून हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं मराठीत एकदा नीट लिहून ठेवते आहे.

लिपीबद्दल आधी सांगते. फ्रेंचमधले काही स्वर देवनागरीत लिहिता येत नाहीत. तिथे मी जवळचं अक्षर वापरलं आहे आणि तोंड कसं ठेवायचं ते शब्दांत सांगितलं आहे. अक्षरापेक्षा त्या वर्णनावर विश्वास ठेवा.

इंग्रजी बोलणाऱ्याचं फ्रेंच लगेच ओळखू येतं ते कशामुळे?

बहुतेकांना वाटतं की घशातल्या 'र'मुळे. माझ्या मते 'र' नंतर येतो. पहिल्यांदा कानाला खटकतात ते हलणारे स्वर. इंग्रजी 'डे' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. 'ए'ने सुरुवात होते आणि शेवटी जबडा वर सरकून 'इ' येते. 'गो' म्हणताना शेवटी ओठ आवळले जातात आणि 'उ' उमटतो. इंग्रजीत या जागी एक स्थिर स्वर नसतो, एका स्वराकडून दुसऱ्याकडे घसरत जाणारा जोडस्वर असतो. फ्रेंच 'ए' आणि 'ओ' जागचे हलत नाहीत. तोंड एका आकारात ठेवायचं, आवाज सुरू करायचा आणि त्याच आकारात थांबवायचा.

म्हणून इंग्रजी माणूस 'काफे'चं 'कफेइ' करतो आणि आजीला म्हणायच्या 'मेमे'चं 'मेइमेइ'. शब्द ओळखता येतो, पण फ्रेंच कानाला तो ताणलेला, मुरडलेला वाटतो.

वर्गात मी पहिल्या दिवशी सगळ्यांना हनुवटीवर बोट ठेवायला सांगते. तीन सेकंद 'ए' धरायचा. बोट हललं की पुन्हा पहिल्यापासून. पाचसहा वेळा केलं की माणसाला स्वतःचाच जबडा नव्याने कळतो. एवढी एक गोष्ट जमली तरी अर्धं काम होतं, असं मी अनुभवाने सांगते.

मग मराठी माणसाला हे आपोआप येतं का?

'ए' आणि 'ओ' येतात. आपले 'दे', 'ने', 'ते', 'तो' हे स्वर स्थिर असतात. 'ते' म्हटलं की फ्रेंचमधला चहा झाला. 'तो' म्हणजे तिथे 'लवकर', 'मो' म्हणजे 'शब्द', 'बो' म्हणजे 'देखणा', 'ने' म्हणजे 'नाक'. हे सगळं जसंच्या तसं, फक्त शेवट लांबवायचा नाही.

'त'बद्दलही सांगते, स्वरांचा विषय असला तरी. फ्रेंच 'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवर उमटतात. इंग्रजी 'टी' मागे हिरडीवर लागते, म्हणून आपल्याला ती 'ट' ऐकू येते, आणि इंग्रजीतून आलेला प्रत्येक शब्द आपण 'ट'ने लिहितो. फ्रेंचमध्ये मावशीला किंवा आत्याला लाडाने म्हणतात ते 'ताता', 'टाटा' नव्हे. काकामामांना म्हणतात ते 'तोँतोँ'. मराठी मुलाला घरच्या भाषेतला 'त' फुकट मिळालेला असतो. इंग्रजीच्या वाटेने जाताना तो हरवतो याचं मला फार वाईट वाटतं. अशा मुलाला मी सांगते, 'ताई' म्हण, आणि तोच 'त' घेऊन 'ताता' म्हण.

एका स्वरात मात्र इंग्रजीवाले आपल्या पुढे आहेत. 'मॅर' म्हणजे आई, 'पॅर' म्हणजे वडील. यातला स्वर आपल्या 'ए' आणि 'ॲ'च्या मधला, इंग्रजी 'बेड'मधला आहे. इंग्रजी माणूस तो सहज काढतो. मराठी माणूस 'मेर' तरी म्हणतो नाहीतर 'मार'कडे झुकणारा 'मॅर' तरी. 'बेड' म्हणता म्हणता मध्येच थांबा आणि तो स्वर पकडून ठेवा.

'लुलू' हे नाव एक की दोन?

दोन. हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे, कारण फ्रेंचमधला सगळ्यात अवघड स्वर त्यात सापडतो.

लुई नावाच्या मुलाला घरात 'लूलू' म्हणतात. हा साधा 'ऊ', आपल्या 'फूल'मधला, फक्त ओठ जास्त पुढे काढून. ल्युसियँ किंवा ल्युसियॅन नाव असेल तर लाडाचं नाव होतं 'ल्यूल्यू', आणि त्यात वेगळाच स्वर असतो. इंग्रजी कानाला दोन्ही सारखेच ऐकू येतात. एकाच घरात दोघं असतील तर कोणाला हाक मारली ते कळतच नाही.

हा दुसरा स्वर रोमन लिपीत एकट्या 'यू' अक्षराने लिहितात, आणि साधा 'ऊ' लिहिताना 'ओ' आणि 'यू' ही जोडी वापरतात. तो काढायचा कसा? आपली दीर्घ 'ई' म्हणा. जीभ जिथे आहे तिथेच राहू द्या, जराही हलवू नका. आता शिट्टी वाजवायला करतो तसे ओठ गोल करा आणि 'ई' म्हणतच राहा. जो आवाज येईल तो. जीभ 'ई'ची, ओठ 'ऊ'चे. देवनागरीत आपण 'ल्यू' लिहितो खरं, पण त्यात 'य' नसतो. 'य' ऐकू आला तर समजा की जीभ 'ई'वरून निघून 'ऊ'वर पोचली, म्हणजे पुन्हा इंग्रजी घसरण झाली.

इथे मराठी माणसाला कसलीच सवलत नाही. आपल्याकडेही हा स्वर नाही. उलट आपला 'तू' थेट फ्रेंचमधल्या 'सगळं' या शब्दासारखा ऐकू येतो, आणि त्यांचा 'तू' मात्र गोल ओठांच्या 'ई'ने होतो. चलच्चित्र आणणाऱ्या ज्या भावांचे चित्रपट ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलात दाखवले गेले, त्यांचं आडनाव आपण कधी 'लुमिएर' लिहितो, कधी 'ल्युमिए'. त्यातला पहिला स्वर हाच, आणि दोन्ही लेखनांतून तो निसटतो.

हा स्वर चुकला तर एवढं काय बिघडतं?

अनोळखी माणसाशी बोलताना फारसं नाही, संदर्भावरून अर्थ लागतो. पण लाडाच्या शब्दांत संदर्भ नसतोच, नुसती हाक असते. फ्रान्समध्ये लहान मुलाला 'मा प्यूस' म्हणतात, शब्दशः 'माझी पिसू'. आपण 'चिमणे', 'पिल्लू' म्हणतो त्याच मायेने. इंग्रजी तोंडातून ते 'मा पूस' होतं आणि 'पूस' म्हणजे हाताचा अंगठा. 'द्स्यू' म्हणजे वर, 'द्सू' म्हणजे खाली, आणि फरक फक्त याच स्वराचा. 'र्‍यू' म्हणजे रस्ता, 'रू' म्हणजे चाक. 'देजा व्ह्यू' इंग्रजीत सर्रास 'देजा व्हू' होतं. फ्रेंच माणसाला त्यातून 'आधीच तुम्ही' असं काहीतरी ऐकू येतं.

उलटी चूकही होते. हा स्वर नवा नवा जमला की विद्यार्थी तो सगळीकडे घालायला लागतात. 'मॅर्सी बोकू' म्हणजे खूप आभारी आहे. तिथे शेवटी साधा 'ऊ'च हवा. गोल ओठांची 'ई' घातली तर समोरच्याच्या पार्श्वभागाचं कौतुक केल्यासारखं होतं.

ओठ गोल करायचे आणखी किती स्वर आहेत?

आणखी दोन, आणि कृती तीच. 'ए' म्हणत ओठ गोल केले की 'निळा', 'दोन' या शब्दांतला स्वर मिळतो. पेजो मोटारीच्या नावातला पहिला स्वर हाच. 'बेड'मधला स्वर धरून ओठ गोल केले की 'सर' म्हणजे बहीण आणि 'कर' म्हणजे हृदय यांतला स्वर येतो. मी इथे 'सर', 'कर' लिहिलं, पण तो आपला 'अ' नाही, जीभ त्याहून पुढे असते. 'मोँ कर' हे लाडाचं संबोधन रोजच्या वापरातलं आहे, तेव्हा त्याचा सराव वाया जाणार नाही.

यातला पहिला चुकून 'ओ' झाला तर 'केस' या शब्दाचे 'घोडे' होतात. न्हाव्याकडे जाण्यापूर्वी लक्षात ठेवा.

नाकातले स्वर मला 'आन', 'ऑन'सारखे का ऐकू येतात?

कारण इंग्रजीत (आणि लिहिलेल्या मराठीतही) स्वरानंतर 'न' येतोच. फ्रेंचमध्ये तो 'न' नसतो. जीभ टाळूला लागत नाही, ओठ मिटत नाहीत. हवा फक्त तोंडाबरोबर नाकातूनही सोडायची.

इंग्रजी माणसाला हे समजावताना माझे दोन तास जातात. मराठी माणसाला मी एकच सांगते : हिंदी आठवा. हिंदीतलं 'हाँ', 'माँ', 'मैं'. यांत 'न' कुठे आहे? फ्रेंचमध्ये 'हात' या अर्थाचा शब्द जवळजवळ हुबेहूब हिंदी 'मैं'सारखा आहे. 'ममाँ' म्हणजे आई, आणि शेवट हिंदी 'माँ'च्या खूप जवळ, फक्त जीभ थोडी मागे. 'तोँतोँ'मध्ये 'ओ' नाकातून काढायचा. कोकणी बोलणाऱ्यांना तर हिंदीचीही गरज नाही. 'हांव' म्हणता येतं ना, मग झालं.

आपल्या मराठीतही असे स्वर होते. जुन्या छापील पुस्तकांत 'केलें', 'घरें', 'तीं' अशा शब्दांवर ठिपके दिसतात. ती नाकातल्या उच्चाराची खूण. उच्चार गेला होता, ठिपका उरला होता. १९६२च्या लेखननियमांनी तोही काढून टाकला. माझी आजी पोथी वाचताना 'ऐसें', 'जैसें' म्हणायची तेव्हा शेवटी आवाज किंचित नाकात जायचा. फ्रेंच शिकताना मला तो आवाज पहिल्यांदा नीट कळला.

तपासायची सोपी रीत : नाक बोटांनी चिमटीत धरा आणि 'ममाँ' म्हणा. शेवटचा स्वर कोंडल्यासारखा झाला तर तो नाकातून येत होता, म्हणजे बरोबर. आणि शेवटी जिभेचं टोक कुठे आहे ते पाहा. दातांमागे टेकलं असेल तर 'न' शिरला आहे.

मग मुरंब्याच्या बाटलीवरच्या 'बॉन ममाँ' या नावात 'न' का ऐकू येतो?

तिथे तो खराच आहे. नाकातला स्वर पुढचा 'न' मुका असतो तोवरच नाकात राहतो. पुढे लिहिलेला 'न' उच्चारायची वेळ आली की स्वर साधा होतो. 'बोँ' म्हणजे चांगला, 'बॉन' म्हणजे चांगली. घरातल्या नावांत याला फार महत्त्व आहे, कारण मुलगा की मुलगी ते यावरून कळतं. 'झाँ' हा मुलगा, 'झान' ही मुलगी. 'सिमोँ' तो, 'सिमॉन' ती. इंग्रजी माणूस 'झाँ'च्या शेवटी 'न' लावतो आणि जॉनचा नकळत जोन होतो. (या नावांतला 'झ' म्हणजे इंग्रजी 'व्हिजन' शब्दातला 'ज', 'झाडा'तला 'झ' नव्हे.)

'बॉन ममाँ' आणि 'बोँ पापा' ही काही घरांत आजीआजोबांची नावंही आहेत, जरा जुन्या, खानदानी वळणाची.

इंग्रजी माणूस 'ममाँ'चा पहिला स्वर गिळतो. का?

इंग्रजीत शब्दातल्या एका अवयवावर जोर येतो आणि बाकीचे स्वर विरून पुसट 'अ' होतात. 'पापा' तिथे 'पपा' होतो, 'ममाँ'चं 'म्‌मान'. फ्रेंचमध्ये प्रत्येक स्वराला त्याचा पूर्ण वाटा मिळतो. शेवटचा किंचित लांबतो एवढंच. आपण 'काका', 'मामा', 'दादा' म्हणताना दोन्ही 'आ' सारखे म्हणतो ना, अगदी तसं.

'काका' म्हणायचं तर फ्रेंच लोक हसतात, हे खरं का?

खरं आहे, आणि फ्रेंच घरांशी सोयरीक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे आधीच जाणून घेतलेलं बरं. नात्यांचे शब्द जगभर लहान मुलांच्या तोंडातल्या सोप्या आवाजांतून बनतात. म्हणून तेच आवाज दोन्हीकडे सापडतात, पण त्यांना चिकटलेले अर्थ वेगळे असतात.

'काका' म्हणजे फ्रेंच मुलांच्या भाषेत शी. उच्चार तंतोतंत तोच. 'मामी' म्हणजे आजी, आज फ्रान्समध्ये सगळ्यात जास्त चालणारं नाव. 'पापी' म्हणजे आजोबा. 'दादा' म्हणजे लहान मुलांचा घोडा, मांडीवर बसवून खेळवताना म्हणायचा. 'नाना' म्हणजे बोलीभाषेत तरुणी किंवा बाई. 'बाबा' हा रममध्ये भिजवलेला केक. 'नूनू' म्हणजे मूल सांभाळणारी बाई, आणि 'दूदू' म्हणजे मूल ज्याला बिलगून झोपतं ते मऊ खेळणं किंवा फडकं.

काकाला काकाच म्हणा. पण सोयऱ्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे लग्नाच्या जेवणात हाक मारल्यावर तुमच्या मुलाला आपलं काय चुकलं असं वाटणार नाही. एका शब्दापासून मात्र लांब राहा. 'झेड' अक्षरापासून सुरू होणाऱ्या कुठल्याही नावाचं लाडकं रूप 'झिझी' असं करू नका. मुलांच्या भाषेत ते मुलग्याच्या लघवीच्या जागेचं नाव आहे.

फ्रेंच लाडकी नावं बनतात कशी?

बहुधा नावातला एक अवयव उचलून तो दोनदा म्हणतात. आंद्रेचा 'देदे', जेरारचा 'झेझे', मोरीसचा 'मोमो', मिशेल किंवा मिरेय नावाच्या बाईची 'मिमी'. डोनाल्ड डकचे तिघे भाचे फ्रेंचमध्ये 'रिरी', 'फिफी' आणि 'लूलू' आहेत. दुहेरी असल्यामुळे चूकही दुहेरी होते. 'देदे'चं इंग्रजीत 'डेइडेइ' झालं की 'ड'ही दोनदा चुकतो आणि घसरणही दोनदा होते. म्हणून सरावाला ही नावं फार चांगली. एक नाव दहा वेळा म्हणायचं, आरशात पाहत, तोंड हलू न देता.

दुसरी पद्धत म्हणजे 'पती' (लहान) या शब्दाचा शेवट, 'ती', नावाआधी जोडायचा. आपण 'छोटा अमुक' किंवा 'बाळ' लावतो तसं. क्वेबेकमध्ये याचा सुळसुळाट आहे. १९२२ साली इथल्या लोवेल गावात जन्मलेला लेखक जॅक केरुअ‍ॅक घरात 'ती-झाँ' होता. क्वेबेकहून आलेल्या घरातलं मूल, शाळेत जाईपर्यंत फ्रेंचच बोलणारं. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यात हेच 'ती' इंग्रजीच्या 'टी' अक्षराने लिहितात आणि 'टी-बॉय' असं मिश्र नावही तयार होतं.

क्वेबेकची माणसं हे 'ती' म्हणतात तेव्हा ते 'त्सी' ऐकू येतं. 'ई' आणि त्या गोल ओठांच्या 'ई'च्या आधी तिथे 'त'चा 'त्स' होतो आणि 'द'चा 'द्झ'. इंग्रजी विद्यार्थी यावर अडखळतात. मराठी मुलांना मी सांगते की 'चाक'मधला 'च' आणि 'जाळं'मधला 'ज' आठवा, तोच आवाज आहे. एका मुलीला हे कळलं तेव्हा तिने घरी जाऊन आजोबांना व्हिडिओ कॉलवर 'चाक' पन्नासदा म्हणायला लावलं, असं तिच्या आईने सांगितलं.

आमच्या शेजारच्या बाई आजीला 'मेमे' म्हणतात, पण लिहितात 'मेमेर'. बरोबर काय?

दोन्ही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि यावर मी सविस्तरच बोलते.

साधारण १८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख फ्रेंचभाषक माणसं क्वेबेकमधून अमेरिकेत आली. बरीचशी न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांच्या, गिरण्यांत लागली : लोवेल, मँचेस्टर, वूनसॉकेट, लुइस्टन. चाळीतल्यासारख्या दाट वस्त्या झाल्या, त्यांना 'पती कानादा' म्हणजे छोटा कॅनडा म्हणत. चर्च फ्रेंच, शाळा फ्रेंच, किराणा दुकान फ्रेंच. मग हळूहळू दार बंद होत गेलं. मेन राज्यात १९१९ साली कायदा झाला की सार्वजनिक शाळांत शिक्षणाची भाषा इंग्रजीच असेल. लुइझियानात १९२१च्या राज्यघटनेने तेच केलं. मैदानात फ्रेंच बोललं म्हणून शिक्षा झालेली माणसं माझ्या वर्गात येऊन गेली आहेत. त्यांनी आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणं थांबवलं, मुलांना तसला त्रास नको म्हणून.

या सगळ्यातून जे वाचलं ते म्हणजे 'मेमेर' आणि 'पेपेर', आजी आणि आजोबा. शेवटचा 'र' रोजच्या बोलण्यात आधीच हलका होता. न्यू इंग्लंडच्या पूर्वेकडच्या इंग्रजी बोलीतही शब्दाच्या शेवटचा 'र' गळतो. शिवाय 'मेमे' असा स्वतंत्र शब्दही फ्रेंचमध्ये आहेच. तेव्हा लिहिताना 'मेमेर' राहिलं आणि बोलताना 'मेमे', 'मिमी', 'पेपे' झालं. अक्षरांवरच्या तिरक्या रेघा टंकलेखन यंत्रावर नव्हत्या, त्या गेल्या. आता नातवंडं 'मेमे' रेघांशिवाय लिहितात आणि लोक ते इंटरनेटवरच्या विनोदी चित्रांचं नाव समजून 'मीम' वाचतात.

पाठ्यपुस्तकातल्या फ्रेंचने पाहिलं तर 'मेमे'चा घसरता स्वर चूक आहे. पण तो चार पिढ्यांनी घडवलेला शब्द आहे. माझ्या वर्गात एक सत्तरीच्या बाई आल्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "मी माझ्या आजीचं नाव जन्मभर चुकीचं घेतलं का?" मी नाही म्हणाले, आणि आजही माझं उत्तर तेच आहे. फ्रेंच बोलताना फ्रेंच स्वर वापरा. आजीला हाक मारताना तिने जो आवाज ऐकून 'ओ' दिली, तोच आवाज वापरा.

पण फ्रान्समध्ये गेल्यावर 'मेमेर' चालेल का?

स्वतःच्या आजीबद्दल बोलताना चालेल. दुसऱ्या कुणा वयस्कर बाईंना म्हणू नका. फ्रान्समध्ये आज 'मेमेर' हा शब्द गबाळ्या, म्हाताऱ्या बाईसाठी हिणवून वापरला जातो. 'मेमे' थोडं मायेचं, पण जुनाट वाटतं. तिथे 'मामी' म्हणा. मार्चच्या पहिल्या रविवारी फ्रान्समध्ये आजीदिन असतो. १९८७ साली एका कॉफीच्या ब्रँडने तो सुरू केला, आणि लोकांनी मनापासून स्वीकारला.

माझी सासू क्वेबेकची आहे. तिचं 'म्वे', 'त्वे' ऐकून मुलं गोंधळतात. शाळेत 'म्वा' शिकवतात.

शाळेतलं पॅरिसचं आहे, सासूबाईंचं क्वेबेकचं. रोमन 'ओ' आणि 'आय' एकत्र आले की आज प्रमाण फ्रेंचमध्ये 'वा' म्हणतात. क्वेबेकच्या घरगुती बोलीत 'म्वे', 'त्वे' हे जुने उच्चार अजून जिवंत आहेत. मुलांना सांगा की पुण्याची मराठी आणि मालवणी जशा दोन्ही खऱ्या, तसंच हे.

आणखी काही फरक सांगते. 'मेमेर'मधला लांब स्वर क्वेबेकमध्ये खरोखर घसरतो, 'मेमाएर'कडे. म्हणजे मी वर दिलेला न हलणाऱ्या तोंडाचा नियम तिथे या स्वराला लागू नाही, पण ती घसरण इंग्रजीसारखी 'इ'कडे जात नाही. 'ममाँ'चा शेवट पॅरिसपेक्षा पुढचा, पसरट असतो. नाकातले चारही स्वर क्वेबेक वेगळे ठेवतं. पॅरिसमध्ये बहुतेकांनी त्यातले दोन एकत्र करून टाकलेत. काकामामांना ते 'मोनोंक' म्हणतात आणि आत्यामावशीला 'मातांत'. मूळचं 'माझा काका', 'माझी आत्या' इतकं जुळून गेलं की त्यापुढे पुन्हा 'माझी' लावतात.

आडनावांचं काय?

इथे नियम साधा आहे : ज्याचं आडनाव, त्याचा उच्चार. 'बन्वा' या नावाचं इकडे 'बेनॉइट' झालं आहे. फ्रेंच उच्चार करून दाखवायला जाऊ नका, कुटुंबाला विचारा. काहींनी आडनावाचं भाषांतरच केलं : 'ल्ब्लाँ'चे व्हाइट झाले, 'ब्वाव्हॅर'चे ग्रीनवुड. 'र्वा' म्हणजे राजा. त्यातले काही किंग झाले आणि काही तेच लेखन ठेवून 'रॉय'. आइस हॉकीचा गोलरक्षक पात्रिक र्वा मात्र 'र्वा'च राहिला.

रोज किती सराव करावा?

दहा मिनिटं, पण आरशासमोर. आधी हनुवटीवर बोट ठेवून 'ए' आणि 'ओ'. मग 'ई' धरून ओठ गोल, पुन्हा पसरट, पुन्हा गोल, आवाज न तोडता. मग जोड्या : लूलू–ल्यूल्यू, पूस–प्यूस, बोँ–बॉन, झाँ–झान. फोनवर ध्वनिमुद्रण करून दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर कान आपल्याच बाजूने बोलतो. आधी कान तयार होऊ द्या. दोन स्वर वेगळे ऐकू येत नसतील तोवर ते वेगळे काढता येत नाहीत, हे मी प्रत्येक वर्गात पाहिलं आहे.

आणि उलट? माझ्या नातवाच्या फ्रेंच आजीआजोबांनी आम्हाला 'आजी', 'आजोबा' म्हणावं असं वाटतं.

म्हणतील, आनंदाने. पण रोमनमध्ये 'जे' अक्षर घालून लिहून दिलंत तर ते 'व्हिजन'मधला 'ज' वापरून 'आझी' वाचतील, कारण त्यांच्या भाषेत त्या अक्षराचा तोच आवाज आहे. 'जे'च्या आधी एक 'डी' घाला. मग 'आद्जी' वाचतील, आणि ते आपल्या 'आजी'ला येऊन मिळतं.